छबूताईची खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी छबूताई रोज सकाळी गच्चीवर एक लाल प्लास्टिकची खुर्ची मांडायची आणि तिला नमस्कार करायची. खुर्चीवर कोणी बसलेले नसायचे.

नमस्कार म्हणजे आपण देवाला करतो तसा हात जोडून नाही. दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, कमरेत वाकून, मान खाली. मग ती गच्चीच्या मधोमध जाऊन हवेला लाथा मारायची. थोड्या वेळाने घामाने निथळत खुर्चीपाशी यायची, गुडघ्यांवर हात टेकवायची आणि खुर्चीच्या पाठीजवळ कान न्यायची. हो म्हणावे तसे म्हणायची, "हौ." जरा थांबायची. पुन्हा म्हणायची, "हौ, हौ." आणि परत लाथा.

समोरच्या काकूंचे म्हणणे होते की खुर्चीवर कोणीतरी बसते, आपल्याला दिसत नाही. त्यांनी गच्चीच्या दारावर लिंबू-मिरची बांधून पाहिली. छबूताईने मिरच्या सोडून घेतल्या आणि आम्हाला आणून दिल्या. म्हणाली, "वहिनी, ह्या कायच्या मिरच्या? मिरची खाव तं आमच्या भिवापूरची." आमच्या ह्यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, मत वेगळे होते. ते म्हणायचे, "खुर्चीच हुशार असन. आपल्या घरात माह्यं कोणी इतकं ऐकते काय?"

छबूताई ही आमच्या बेसा भागातली चॅम्पियन. तायक्वांदोची. हा शब्द मला नीट म्हणता यायला वर्ष लागले, तोवर मी लोकांना "त्या लाथांच्या खेळाची चॅम्पियन" असेच सांगायचे. मूळची भिवापूरची. शाळेत खो-खोमध्ये नाव द्यायला गेली आणि चुकीच्या रांगेत उभी राहिली. आपला नंबर आल्यावर कळले की ही रांग दुसऱ्याच खेळाची आहे, पण आता इतका वेळ उभी राहिले तर दुसऱ्या रांगेत कशाला जायचे, असा विचार करून तिने तिथेच नाव दिले. त्या रांगेतून ती निघाली ती थेट राज्याची सुवर्णपदके घेत सुटली. आता तिशी ओलांडली आहे आणि एका शाळेत खेळाची बाई आहे.

पदके तिच्या खोलीत सगळीकडे आहेत, पण शोकेसमध्ये एकही नाही. पडदे पदकांच्या फितींनी बांधलेले. किल्ल्या कांस्यपदकात अडकवलेल्या. तिची खाट डुगडुगायची म्हणून एका पायाखाली पदक सारलेले. मी विचारले, "कोणतं आहे हो हे?" तर म्हणाली, "चांदीचं. सोन्याचं लावून पाह्यलं, पातळ निंघालं."

आमची ओळख झाली ती गैरसमजातून. आमची खाली पिठाची चक्की आहे, ती हे बघतात, आणि मी मागच्या स्वयंपाकघरात डब्यांचा स्वयंपाक करते. नवीन राहायला आली तेव्हा रोज सकाळी वरून तिचा आवाज यायचा, "शिजाक!" मला वाटले नवीन शेजारीण विचारते आहे, शिजलं का. मला अनोळखी माणसाशी बोलायचा फार संकोच वाटतो, पण कोणी आपुलकीने विचारते आहे आणि आपण गप्प राहायचे हेही बरे दिसत नाही. म्हणून मी खिडकीतून हळूच म्हणायचे, "अजून नाही शिजलं, ताई." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "शिजाक!" मी म्हणायचे, "डाळ झाली, भात राहिला." मधेच वरून आवाज यायचा, "काल्यो!" तो मला ऐकू यायचा "कालव" असा. मी म्हणायचे, "कालवते, कालवते. आधी उतरवू तं द्या."

बरेच दिवस असे चालले. शेवटी एकदा मीच चिडले. मनात म्हटले, हिला इतकी भूक लागते तर सरळ डबा का लावत नाही. वाटीभर वरण घेऊन वर गेले तर ही गच्चीवर पांढरे कपडे घालून एका पायावर उभी.

"घ्या," मी म्हणाले. "शिजलं."

तेव्हा कळले की शिजाक म्हणजे त्यांच्या खेळात 'सुरू करा', आणि काल्यो म्हणजे 'थांबा, वेगळे व्हा'. पंच ओरडतात ते. कोरियाची भाषा आहे म्हणे. छबूताईने वरण उभ्याउभ्याच पिऊन टाकले आणि म्हणाली, "मले वाटे खालून कोणी चिडवून राहिलं. पण आवाज इतका बारीक, की चिडवणाऱ्याचा वाटे नाही."

तेव्हापासून मी वहिनी झाले आणि ती आमच्या घरात येऊ-जाऊ लागली. येताना बेल पायाने वाजवायची. हातात काही नसले तरी पायानेच. आमच्या बेलच्या पांढऱ्या बटणावर अंगठ्याचा काळा डाग पडला आहे, तो आता घासूनही जात नाही. ह्यांनी एकदा विचारले, "छबूताई, हाताले काही झालं काय?"

"नाही जी. हात कायले वाया घालवाचे? पायाले सवय राहाले पाह्यजे."

पंखा, दिवा, सगळे पायानेच. एकदा आमची टीव्हीची वाहिनी तिने पायाने बदलली. हे आधी नाराज झाले, मग म्हणाले, "आवाज बी वाढवून द्या."

तिच्या खेळात एक शिक्षा असते, गमजम. खेळाडू रेषेबाहेर गेला, पडला, उगाच पळत राहिला, की पंच गमजम देतो आणि समोरच्याला एक गुण मिळतो. छबूताई हा नियम सगळ्या जगाला लावायची. दूधवाल्याने पाणी घातले, गमजम. शेजारच्या घराचे पाइप आमच्या अंगणात गळले, गमजम. हे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन दारात थुंकले, तर तिने जिन्यावरूनच एक बोट दाखवले. "भाऊजी, गमजम."

"कायचा?"

"रेषेबाहेर गेला."

"कोण?"

"खर्रा."

त्या दिवसापासून हे थुंकायला मोरीत जातात. मला इतक्या वर्षांत जे जमले नाही ते एका बोटात झाले.

पण खरी गंमत असायची ती स्पर्धेच्या आधी. त्यांच्यात वजनाचे गट असतात. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरले की खेळायला मिळत नाही. त्यामुळे स्पर्धा जवळ आली की छबूताई जेवण सोडायची आणि भर उन्हाळ्यात दोन स्वेटर घालून बेसा चौकापर्यंत पळत जायची. लोक उसाचा रस पीत उभे असायचे, ही स्वेटर घालून त्यांच्यापुढून जायची. रसवाला पोरगा तिला पाहून रसात बर्फ जास्त घालायचा.

जेवण सोडले तरी ती दुपारी आमच्याकडे यायचीच. "वहिनी, काय केलं आज?"

"सावजी मटण आहे. तुम्हाले चालत नाही ना?"

"खात नाही. नुसता वास द्या."

मी झाकण उचलायचे, ती डोळे मिटून वाकायची. खूप वेळ. मग दचकून मागे व्हायची. "बस झाला. ज्यादा घेतला."

मग लगेच चक्कीवर जाऊन वजन करायची. आमच्याकडे धान्य तोलायचा मोठा काटा आहे. लोक गहू, ज्वारी घेऊन रांगेत उभे असायचे आणि मधे छबूताई. हे म्हणायचे, "छबूताई, बाजरीच्या अगोदर का नंतर?" ती काट्यावर चढायची आणि आकडा पाहून चेहरा पाडायची. "भाऊजी, काटा झाडा. पीठ बसलं आहे. त्याचं वजन माह्यावर येऊन राहिलं." हे फडक्याने काटा पुसायचे. "आता माह्ये पाय झाडा." हे तेही करायचे. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारले, "हे काय दळाले आणलं?" छबूताईने त्यालाही गमजम दिला.

तिला पाहायला एकदा मंडळी आली होती खापरखेड्याहून. मुलगा विजेच्या कारखान्यात होता. छबूताईच्या खोलीत छताला ठोसे-लाथा मारायचे पोते टांगलेले, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे ठेवला. मी तर्री-पोहे केले. मुलगा चांगला होता, पोहे खाली मान घालून खात होता. त्याचे मामा मात्र बोलके. डोक्यावर पांढरी टोपी. म्हणाले, "हे लाथा म्हणजे नेमकं काय असते, दाखवा ना जरा. आमाले बी कळू द्या."

मी छबूताईकडे पाहून मान हलवली, नको. पण तिच्या आईनेच भिवापूरहून फोनवर सांगितले होते, मोठे जे म्हणतील ते ऐक. ती उठली, मामांना वाकून नमस्कार केला, आणि आम्हाला काही दिसायच्या आत मामांची टोपी आमच्या फ्रिजवर जाऊन पडली. केस जिथल्या तिथे. मामा हातात पोह्याचा चमचा घेऊन तसेच बसून राहिले. मुलगा पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "अजून एक डाव."

लग्न जमले नाही. छबूताई म्हणाली, "डोक्याले लागलं असतं तं तीन पॉइंट होते, वहिनी. टोपीले नाही भेटत." मी तिच्याकडे पाहिले. तिला वाईट वाटले होते की नाही ते मला कळले नाही. तिने टोपी फ्रिजवरून काढली, तीही पायाने, आणि झटकून दिली.

एवढे सगळे मी हसून सांगते आहे, पण गेल्या उन्हाळ्यात एक दिवस ती आली तेव्हा तिने बेल हाताने वाजवली. मी दार उघडले नाही लगेच, वाटले दुसरेच कोणी आहे.

"वहिनी, रविवारी काय करून राहिल्या?"

"डबे. अजून काय?"

"सुट्टी घ्या. तुम्हाले बसाचं आहे."

"कुठं?"

"खुर्चीत. माह्या कोपऱ्यात."

मग तिने सांगितले. रविवारी निवड होती. जी जिंकेल ती नॅशनलला जाणार. तिच्या वजनात यंदा दोघीच होत्या, म्हणजे एकच सामना. आणि हरली तर पुढच्या वर्षी तिचे नाव कोणी पाठवणार नव्हते. तिचे वय झाले, असे त्यांच्या खेळाच्या मंडळात आधीच बोलणे झाले होते.

खेळाडू मैदानात उतरला की त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात एक खुर्ची असते. तिथे त्याचा कोच बसतो. मधल्या मिनिटभराच्या विश्रांतीत खेळाडू त्याच्याकडे येतो, कोच पाणी देतो, काय चुकले ते सांगतो. छबूताईच्या खुर्चीत शाळेपासून एकच माणूस बसत आला होता. तिचे सर.

"मंग सर?" मी विचारले.

"सर बसणार आहे ना. समोरच्या खुर्चीत." ती आमच्या दाराच्या कडीशी खेळत होती. "तन्वी म्हणून पोरगी आहे. एकोणीस वर्षांची. आता सर तिले शिकवते. मले म्हणाले, छबू, आता तुह्ये दिवस शिकवायचे, खेळाचे नाही."

"मंग तुम्ही काय म्हणाल्या?"

"हौ म्हणाली."

खुर्चीत माणूस नसेल तर यावेळी खेळवणार नाहीत, असा नियम निघाला होता. आतून आमच्या ह्यांनी ऐकले. ते पिठाने भरलेल्या अंगाने बाहेर आले. "मी बसतो ना छबूताई. चांगलं ओरडतो."

"तुम्ही नाही भाऊजी. पह्यल्याच मिनिटात तुमच्यापायी मले गमजम भेटन."

"पण माह्या तोंडून तं शब्द निघत नाही," मी म्हणाले. "चारचौघात मले पाणी बी मागता येत नाही."

"म्हणूनच तं," छबूताई म्हणाली.

रविवारी मी साडीवर छबूताईचे ट्रॅकचे जाकीट घातले. चपला चालत नाहीत, बूट पाहिजेत, म्हणून ह्यांचे बूट घातले आणि पुढे कापूस कोंबला. गळ्यात कार्ड अडकवले, त्यावर माझा आधार कार्डाचा फोटो आणि खाली 'कोच'. दारावरच्या माणसाने माझ्या साडीकडे पाहिले, बुटांकडे पाहिले आणि का कोण जाणे, सलाम केला. ह्यांना वर प्रेक्षकांत बसवले. खिशातली खर्र्याची पुडी दारातच काढून घेतली होती.

हॉल मोठा होता आणि कूलर सगळे पाहुण्यांच्या बाजूला. मी लाल खुर्चीत बसले. समोर निळ्या खुर्चीत सर. ठेंगणे, चष्मा लावलेले, तोंडात बडीशेप. त्यांनी मला पाहिले आणि मान वाकवून नमस्कार केला. मी पदर सावरला. मला नंतर कळले की सर तेव्हापासूनच घाबरले होते. ही कोण बाई, कुठून आणली, काही बोलत नाही, नक्की बाहेरची मोठी कोच असणार, असे त्यांना वाटले.

पंच म्हणाले, "शिजाक."

माझ्या तोंडातून सवयीने "हौ" निघाले. सुदैवाने कोणी ऐकले नाही.

पहिली फेरी छबूताई हरली. तन्वी खरेच चपळ होती. तिची लाथ दिसायची नाही, फक्त फटका ऐकू यायचा. आणि छबूताई, जिने मामांची टोपी डोळे लवायच्या आत उडवली होती, ती आज जड पायाने खेळत होती. सारखी सरांच्या बाजूला पाहत होती. सर तिच्याकडे पाहत नव्हते.

विश्रांतीला ती माझ्याकडे आली. गुडघ्यांवर हात टेकवून वाकली, कान माझ्याजवळ आणला. मी तिला पाणी दिले. तोंड उघडले, पण काही सुचले नाही. मी फक्त पदराने तिचे तोंड पुसले.

"हौ," छबूताई म्हणाली. थांबली. "हौ, हौ." आणि परत गेली.

दुसऱ्या फेरीत तिचे पाय जरा मोकळे झाले. पण गुण मिळत नव्हते. त्यांच्या डोक्यावर, पोटावर चिलखतासारखे काही असते आणि लाथ नीट लागली की मशीन आपोआप गुण देते. मशीन गप्प होते. मला तर घाम फुटला होता. खुर्चीत बसताना माझ्या हातात एक लाल कार्ड दिले होते, चांगले कडक पुठ्ठ्याचे. मी त्याने वारा घेऊ लागले.

पंच ओरडले, "काल्यो." सगळे थांबले. पंच माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि वाकले.

कार्ड वर करणे म्हणजे कोचची तक्रार, पुन्हा व्हिडिओ पाहा, असे असते. हे मला कोणी सांगितले नव्हते, किंवा सांगितले तेव्हा माझे लक्ष बुटातल्या कापसाकडे होते. पंचांनी इंग्रजीत काहीतरी विचारले. मी मान हलवली. कोणत्या बाजूला, ते मला आठवत नाही. मग पडद्यावर तोच प्रसंग हळूहळू दाखवला. छबूताईचा पाय येतो आहे, येतो आहे, आणि तन्वीच्या डोक्याला हलकेच टेकतो आहे. मशीनला कळले नव्हते. पंचांनी तीन बोटे दाखवली.

वरून ह्यांचा आवाज आला, "वारे वा, काय नजर आहे." सर चष्मा काढून पुसू लागले. दुसरी फेरी छबूताईची झाली.

तिसरी फेरी. दोघींचे गुण बरोबरीला. आता शेवट जवळ आला होता, कोणाची एक लाथ लागली की संपले. दोघीही थकल्या होत्या. छबूताई मागे सरली, तिचा डावा पाय पुढेच राहिला, आणि तन्वीने लाथ उचलली.

आणि निळ्या खुर्चीतून सर ताडकन उठले. मैदानाच्या रेषेपर्यंत आले. पूर्ण हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, "छबू, डावा पाय!"

छबूताईने डावा पाय मागे घेतला. लाथ वाऱ्यात गेली.

सर तोंडावर हात ठेवून उभे होते. त्यांच्या खेळाडूचे नाव तन्वी होते, छबू नव्हते. पंचांनी सामना थांबवला. कोच खुर्ची सोडून ओरडला म्हणून गमजम, आणि कोचचा गमजम त्याच्या खेळाडूला लागतो. तन्वीला गमजम. छबूताईला एक गुण. उरलेल्या वेळात कोणाला काही लागले नाही. छबूताई एका गुणाने जिंकली.

जिंकल्यावर लोक उड्या मारतात. ती सरांच्या खुर्चीपुढे गेली आणि वाकली. मान वर करून म्हणाली, "सर, गमजम."

"हौ रे बेटा," सर म्हणाले. ते हसत होते का रडत होते, बडीशेपेमुळे नीट कळले नाही. तन्वी मात्र त्यांच्याशी बोलायला तयार नव्हती, आणि तिचे बरोबर होते. छबूताईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला बाजूला घेऊन गेली. बराच वेळ डावा पाय कसा मागे घ्यायचा ते दाखवत होती.

सर माझ्याकडे आले. "मॅडम, तुम्ही तिले काय सांगून राहिल्या होत्या? माह्यं तं कधी ऐकलं नाही तिनं. तुम्हाले हौ हौ म्हणे."

मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटले मी गुपित ठेवते आहे. त्यांनी पुन्हा नमस्कार केला.

परत येताना ऑटोत हे पुढे बसून ड्रायव्हरला माझ्या नजरेबद्दल सांगत होते. मी मागे छबूताईजवळ. मी बूट काढून मांडीवर घेतले होते. खूप वेळ मनात होते ते मी विचारले.

"छबूताई, मी तं काहीच बोलली नाही. तुम्ही हौ कायले म्हणत होत्या?"

"सवय आहे ना, वहिनी. वर खुर्ची बी काही बोलत नाही."

"मंग तिथं काहून म्हणता? कोण दिसते तुम्हाले खुर्चीत?"

ती हसली. "समोरच्या काकूसारखं तुम्ही बी विचारून राहिल्या काय? कोणीच दिसत नाही, जी." ती बाहेर पाहू लागली. मनीषनगरचा पूल गेला. "सर म्हणाले ना, की आता तन्वीच्या बाजूनं बसीन म्हणून. त्या दिवसापासून मी खुर्ची वर नेऊन राहिली. रिकाम्या खुर्चीची प्रॅक्टिस कराले. नाही तं ऐनवेळी रिकामी खुर्ची दिसली असती, अन् पाय थांबले असते."

"अन् ते कान लावणं?"

"एक मिनिट भेटते विश्रांतीचं. कोणी बोलणारं नसलं की ते एक मिनिट लई मोठं होते, वहिनी. कोणी काही म्हटलं असं समजून हौ म्हणाचं, अन् निंघाचं."

ऑटो खड्ड्यात गेली, तेव्हा मांडीवरचा एक बूट खाली पडला. तिने तो पायाने उचलून दिला.

नॅशनलला ती गेली आणि पहिल्याच सामन्यात हरली. तिथे खुर्चीत राज्याचे कोच होते, खूप बोलले म्हणे, तिला त्यातले काही समजले नाही. परत आली ती आमच्यासाठी पेढे आणि चक्कीच्या काट्यासाठी एक नवा ब्रश घेऊन. "भाऊजी, पीठ झाडाले."

मला वाटले, आता वरून आवाज येणार नाही. खेळायचे संपले म्हटल्यावर कशाला कोणी पहाटे उठेल. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कुकर लावत होते आणि गच्चीवर खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मी गॅस बारीक केला. मेथीची जुडी आणि परात घेतली आणि जिना चढले. छबूताई पांढऱ्या कपड्यांत उभी होती, खुर्चीपुढे वाकायच्या बेतात. मी मधून गेले आणि खुर्चीत बसले. परात मांडीवर घेतली आणि मेथी निवडू लागले. ती आधी सरळ झाली. मग नेहमीपेक्षा जास्त वाकली.

तिने लाथा मारल्या. मी पाने खुडली. समोरच्या काकू त्यांच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या आणि मला पाहून आत गेल्या.

थोड्या वेळाने ती घामेजून माझ्याजवळ आली, गुडघ्यांवर हात टेकवले, कान जवळ आणला आणि थांबली. खाली कुकरची शिट्टी झाली.

"डाळ शिजली," मी म्हणाले. "खाली या, जेवून घ्या. आता वजन कराचं नाही."

"हौ," छबूताई म्हणाली.